गुरगुर

दुपारी मोबाइलवर गाणं लावलं आणि ते लगेच सुरू झालं. याचाच मला राग येतो. सुरू होण्याआधी आत काहीतरी फिरायला नको? काम करताना हूं की चूं न करणाऱ्या यंत्रावर माझा विश्वास बसत नाही, ही जुनीच खोड.

ती लागली मामाच्या मिनिडिस्क रेकॉर्डरमुळे. सोनीने १९९२ मध्ये आणलेला हा प्रकार. तबकडी जेमतेम ६४ मिलिमीटरची, चौकोनी डबीत कायमची कोंडलेली. डबी आत सरकवली की खट्, मग झर्र, मग शांतता, पुन्हा झर्र. मी यंत्राला कान लावून बसायचो. रेकॉर्डिंगच्या वेळी खालून लेसर तबकडीवरचा ठिपका सुमारे १८० अंशांपर्यंत तापवायचा आणि वरून चुंबक त्यावर खूण उठवायचं. ठिपका निवला की खूण पक्की.

खरी मजा रेकॉर्डिंग थांबवल्यावर. पडद्यावर 'टीओसी एडिट' लुकलुकू लागायचं, म्हणजे अनुक्रमणिका लिहिणं चालू. "हलवू नकोस रे, लिहितोय तो," मामा दबक्या आवाजात सांगायचा, जणू यंत्राचं लक्ष उडेल. तेवढ्यात सेल संपले तर तासाभराचं गाणं तबकडीवर असूनही नसल्यातच जमा, कारण कुठून कुठवर काय आहे याची नोंदच नाही. पण याच वहीमुळे गाणं मधून तोडणं, चौथं उचलून पहिलं करणं चुटकीसरशी व्हायचं. गाणी जागची हलायचीच नाहीत, बदलायची ती फक्त नोंद.

आणि ती मधली शांतता? तबकडीवरचं पुढचं गाणं भराभर वाचून एका मेमरी चिपमध्ये साठवलं जायचं, म्हणून धक्का बसला तरी सूर तुटत नसे. साठा पुरेसा झाला की तबकडी विश्रांती घ्यायची. म्हणजे मी ज्या गुरगुरीवर भरवसा ठेवला, ती होती हमालाची. गाणं माझ्या कानात तेव्हाही चिपमधूनच येत होतं! हे कळलं तेव्हा फसवल्यासारखं वाटलं. खोड तरीही गेली नाही.

१९९८ मध्ये नुसत्या चिपवर चालणारे प्लेअर आले, ३२ एमबीचे. जेमतेम अर्धा तास गाणी मावत. मामा हसला होता. त्याच्या तबकडीवर ७४ मिनिटं मावायची. पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत सोनीने कोऱ्या तबकड्या बनवणंही थांबवलं.

चिपमधली आठवण म्हणजे कोंडून ठेवलेले इलेक्ट्रॉन. वर्षानुवर्षं वीज न देता ठेवली तर ते हळूहळू निसटतात. तबकडीवरची खूण तशी निसटत नाही, पण ती वाचणाऱ्या यंत्राची लेसर आणि मोटर म्हातारी होते. कुणाचं काय आधी जाईल, सांगता येत नाही.

मामाच्या तबकड्या आता माझ्याकडे आहेत. बऱ्याच जणींवर त्याच्या बारीक अक्षरात नावं आहेत, एकीवर काहीच नाही. रेकॉर्डर अजून चालतो का, ते एकदा बघायला हवं. बघू.