क्षणभर दिसणारी काळी खिडकी
आठ दिवस बाबांचा कॉम्प्युटर सुरू झाला की एक काळी खिडकी यायची आणि वाचायच्या आत गायब. धास्तीने त्यांनी बँकेचे व्यवहारच थांबवले होते. व्हायरस स्कॅनमध्ये काही सापडलं नाही. आज मोबाइलवर स्लो मोशनमध्ये स्क्रीनचं शूटिंग केलं, एक फ्रेम थांबवली, तर खिडकीच्या वरच्या पट्टीवर फाइलचा पूर्ण पत्ता, जुन्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचा! प्रिंटर केव्हाच भंगारात गेला, त्याचं सॉफ्टवेअर मात्र तसंच राहिलेलं. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत (कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम) ते नव्हतं. टास्क शेड्युलरमध्ये (ठरलेली कामं आपोआप चालवणारी विंडोजची सोय) मात्र लॉग ऑन होताच चालणारं त्याचं अपडेटचं काम होतं. डिलीट नाही केलं, आधी डिसेबल (खात्री होईपर्यंत तेच बरं). तीनदा रीस्टार्ट केलं. बाबा शेजारी खुर्ची ओढून, डोळे रोखून. काहीच आलं नाही. चष्मा पुसत म्हणाले, "चल, वीजबिल भरून टाकू."