गाजराची पुंगी

निसर्गावर बेतलेला लोकवाद्यांचा एक अल्बम सध्या सारखा ऐकतेय. गाणारं कोणी नाही, शब्द नाहीत. प्रत्येक रचनेला नाव मात्र आहे. झरा, धुकं, पहाट, असली. म्हटलं, नावं न बघता ओळखून दाखवू. एका रचनेला छातीठोकपणे 'पाऊस' म्हटलं. नाव बघितलं तर 'वाळवंट'!

खट्टू झाले. मग कळलं, तो पाऊस वाळलेल्या निवडुंगातून पडत होता. निवडुंगाच्या पोकळ खोडात त्याचेच काटे बाहेरून आत ठोकायचे, बारीक खडे भरायचे, दोन्ही तोंडं बंद करायची. नळी उलटी केली की खडे काट्यांना अडखळत खाली येतात आणि सर कोसळते. म्हणजे माझं चुकलं नव्हतं, त्यांचंही नाही.

तेव्हापासून नावांचा नाद सोडला आणि वाद्यं कशाची आहेत ते बघायला लागले. (पाखरांचे आवाज मुद्रित करून मधेच चिकटवतात ते मला आवडत नाही. कागदी फुलावर अत्तर शिंपडल्यासारखं वाटतं.) मंगोलियातल्या मोरीन खुरला दोनच तारा, त्याही घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या. गजाला तेच केस, आणि वाद्याच्या टोकाला कोरलेलं घोड्याचं डोकं. त्यावर दौड वाजली तर नवल कसलं? ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या डिजेरिडूसाठी निलगिरीचं खोड आतून पोखरायचं काम वाळवी करते. माणूस साल काढतो, तोंडाला मेण लावतो आणि फुंकतो. वादकांच्या यादीत वाळवीचं नाव छापायला काय हरकत आहे?

पण जीव जडला तो नॉर्वेतल्या विलोच्या बासरीवर. वसंतात झाडात रस चढला की ओल्या फांदीची साल अखंड नळीसारखी सुटून येते. तीच बासरी. बोटांसाठी भोकं नाहीत. शेवटचं टोक बोटानं झाकायचं, उघडायचं, आणि बाकी सगळं फुंकेच्या जोरावर. हळू फुंकली की खालचा सूर, जोरात फुंकली की वरचा. त्यातले काही सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी राहतात. पहिल्यांदा बेसूर वाटले. चौथ्यांदा ऐकताना पेटीचाच संशय आला.

साल थोड्याच दिवसांत वाळते आणि बासरी संपते. पुढची, पुढच्या वसंतात. आपल्याकडे गाजराच्या पुंगीला हसतात, वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली म्हणून. या बासरीला तर मोडून खायचीही सोय नाही.

हल्ली पुष्कळ वादक प्लास्टिकची नळी घेतात. ती बारा महिने वाजते, सूरही तेच देते. अल्बममध्ये एका जागी सूर लागायच्या आधी ओलसर फुर्र ऐकू येतं. तेवढंच मागे नेऊन मी तीन-तीनदा ऐकते. ती सालीचीच आहे, असं मी ठरवून टाकलंय.