परक्या घरचे पाणी

माझ्या आजीने आयुष्यात कोणाच्या दारात पाणी मागितले नाही. नागपूरच्या इंदोरा वस्तीतल्या आमच्या गल्लीत सगळी आपलीच माणसे होती, तरीही शेजारणीने ग्लास पुढे केला की "आत्ताच पिऊन आली" म्हणून ती तो बाजूला ठेवत असे आणि घरी परतल्यावर माठातले दोन गडवे एका दमात रिकामे करीत असे. आम्हा नातवंडांना ही तिची लहर वाटे. तिच्या नकला करून आम्ही हसत असू. यवतमाळ जिल्ह्यातल्या तिच्या गावी विहिरीच्या ओट्यावर चढण्याची तिला मुभा नव्हती, कोणीतरी वरून ओंजळीत ओतेपर्यंत उन्हात थांबावे लागे आणि कधीकधी लोक तिच्यादेखत बादल्या भरून तिला तसेच ताटकळत ठेवून निघून जात, हे तिने आम्हाला एकदाच सांगितले. तेही कोणी विचारले म्हणून नाही. एका उन्हाळ्यात टँकर उशिरा आला, रांगेतल्या भांडणात कोणीतरी तिला मागे ढकलले आणि त्या संध्याकाळी ती आपणहून बोलली. पुन्हा तो विषय तिने काढला नाही.

गेल्या पावसाळ्यात अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या फॅनी लू हेमर यांच्याविषयी वाचताना मला ही आजी सारखी आठवत राहिली. नागरी हक्कांच्या चळवळीतल्या झुंजार कार्यकर्त्या म्हणून त्यांचे नाव मला ठाऊक होते. परंतु मी त्यात गुंतले ती त्यांच्या भाषणांमुळे नाही, त्यांच्या घरातल्या चार पिढ्यांच्या बायकांमुळे. त्यांची आजी गुलामगिरीत जगलेली. आई दुसऱ्याच्या शेतात राबताना डोळ्याला इजा होऊन उपचारांअभावी दृष्टी गमावलेली. मग स्वतः हेमर. आणि नंतर कुपोषणाने खंगलेली, जवळच्या रुग्णालयांनी दाखल करून न घेतल्यामुळे १९६७ मध्ये दगावलेली त्यांची दत्तक मुलगी. गरीब कृष्णवर्णीय शेतमजुराच्या घरात वारसा म्हणून काय उतरते, याचे उत्तर या चौघींकडे पाहिल्यावर मिळते.

आमच्या आणि त्यांच्या मधला धागा अर्थातच कापसाचा आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिथला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर पडली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. ज्या युद्धाने हेमर यांच्या आजीची गुलामगिरी संपवली, त्याच युद्धाने आमच्या पणजोबांच्या नशिबी पऱ्हाटीचे वावर आणले. वावर दुसऱ्याचे, हे सांगायला नकोच.

गुलामगिरी कायद्याने संपली, जमीन मात्र मालकांकडेच राहिली. मोकळी झालेली माणसे त्याच जमिनीवर बटईने, म्हणजे पिकाचा वाटा मालकाला देऊन, राबू लागली. बियाणे, पीठ, रॉकेल, कापड हे सगळे मालकाच्याच दुकानातून उधारीवर घ्यायचे, त्याची वही मालकाने लिहायची आणि हंगाम सरल्यावर हिशेबही त्यानेच सांगायचा. वर्षभर राबूनही देणे उरले आहे असे ऐकून कुटुंबे पुढच्या वर्षासाठी पुन्हा बांधली जात. आमच्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतगडी, पाडव्याला साल धरतो, आगाऊ उचल घेतो आणि पुढच्या पाडव्याला ती फिटलेली नसते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा प्रकार वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

१९१७ मध्ये जन्मलेल्या हेमर या २० भावंडांमध्ये सर्वांत धाकट्या. त्या ६ वर्षांच्या असताना जमीनमालकाने त्यांना विचारले, कापूस वेचता येईल का? आठवडाभरात ३० पौंड, म्हणजे साधारण १४ किलो, वेचलास तर दुकानातला हवा तो खाऊ घे. मुलीने वेचला, खाऊ घेतला आणि त्या दिवसापासून ती शेतात गेली ती गेलीच. पुढे तेराव्या वर्षी ती दिवसाला २०० पौंडांहून अधिक कापूस वेचू लागली. ही गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून ठेवले, कारण कापूस वेचताना माझ्या आजीच्या कमरेला बांधलेली झोळीसारखी ओटी मला दिसू लागली. लहान मुलांना लहान ओटी शिवून देत, हे ती मोठ्या कौतुकाने सांगत असे. त्या ओटीत काय भरले जात होते, ते तिच्या ध्यानात आले नव्हते की ध्यानात येऊनही तिने ते कौतुकात गुंडाळून ठेवले होते, हे मला आजही ठरवता येत नाही.

हेमर यांच्या वडिलांनी एकदा डोके वर काढण्याचा प्रयत्न केला होता. थोडी जमीन खंडाने घेतली, खेचरे आणि गाई विकत आणल्या, घराला थोडी कळा आली. आणि एका गोऱ्या माणसाने जनावरांच्या खाद्यात विष कालवले. जनावरे मेली आणि कुटुंब पुन्हा बटईवर आले. ही हकीकत हेमर पुढे स्वतः सांगत असत. अशा घरातली मुले काय शिकतात? पुढे जाऊ नये, गेलेच तर कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये. माझी आजी आम्हाला नवे कपडे घालून मुख्य रस्त्याने जाऊ देत नसे. "मागच्या गल्लीनं जाय," ती म्हणे, आणि नागपुरात तिला कोणाची भीती आहे हे आम्हाला कळत नसे.

अलीकडे आपल्या शहरातल्या चर्चासत्रांतही 'ट्रॉमा' हा शब्द वरचेवर ऐकू येतो आणि पिढ्यान् पिढ्या वाहत आलेल्या आघातावर चांगली व्याख्याने होतात. मला त्या शब्दाशी वैर नाही, पण त्याच्यापाशी एक धोका आहे असे वाटते. आघात कुटुंबाच्या आत आहे असे एकदा ठरले की औषधही कुटुंबालाच द्यायचे ठरते आणि विष कालवणारा हात, वही लिहिणारा हात चौकटीबाहेर जातो. हेमर यांच्यावर १९६१ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेच्या निमित्ताने त्यांच्या संमतीवाचून गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली. १९६२ मध्ये त्या मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या आणि १८ वर्षे जिथे राबल्या त्या मळ्यावरून त्यांना हाकलण्यात आले. १९६३ मध्ये कोठडीत त्यांना एवढी मारहाण झाली की ती दुखणी मरेपर्यंत राहिली. यातले काहीही त्यांच्या मनात सुरू झालेले नव्हते.

तरीही घराच्या आत जे झाले, ते झालेच. माझ्या वडिलांनी आम्हाला फार मारले. उशीर झाला की पट्टा, उलट उत्तर दिले की पट्टा, शाळेतून तक्रार आली तर त्या तक्रारीची शहानिशाही न करता पट्टा. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय घरांतही मुलांना असेच कडक ठेवत, कारण मुलाची नजर चुकून वर गेली, शब्द चुकून जास्त निघाला, तर त्याची शिक्षा आई-बापाच्या हातची नसे. १९५५ च्या ऑगस्टमध्ये १४ वर्षांचा एमेट टिल शिकागोहून मिसिसिपीतल्या नातेवाइकांकडे निघाला, तेव्हा तिथे गोऱ्यांपुढे कसे वागायचे हे आईने त्याला बजावून सांगितले होते. तो उतरला होता ते घर मोझ राइट या बटईदाराचे. मध्यरात्री दोन गोऱ्यांनी येऊन मुलाला नेले आणि तीन दिवसांनी नदीत त्याचे प्रेत सापडले. गळ्याला काटेरी तारेने जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्राचा, पंखा बांधलेला होता. ६४ वर्षांच्या राइट यांनी भर न्यायालयात उभे राहून त्या दोघांकडे बोट दाखवले. बारा गोऱ्या ज्युरींनी तासाभराच्या थोड्या वरच्या वेळात आरोपींना निर्दोष सोडले आणि राइट यांना उरलेला कापूस तसाच टाकून कुटुंबासह शिकागो गाठावे लागले. त्यांच्या पत्नीने तर त्या रात्रीनंतर त्या घरात पाऊल ठेवायलाच नकार दिला होता.

पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, माझी आजीही वेचणी टाकून निघाली होती. मालकाने साल मोडेन म्हटले, तरी ती भाकरी बांधून नागपूरला आली आणि लाखो लोकांसोबत बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेला दीक्षाभूमीवर उभी राहिली. राइट यांचे घर सुटले ते जिवाच्या भीतीने, आजी निघाली ती आपल्या मर्जीने. एवढा फरक मोठा आहे आणि बाबासाहेबांमुळे तो तिच्या वाट्याला आला. दुसराही एक फरक आहे. नागपुरात आल्यावर आजीला आपले गाव आणि विहीर लपवता आली, कारण जात कळायला नाव-गाव विचारावे लागते. शिकागोला गेलेल्या माणसाचा रंग स्टेशनावर उतरतानाच दिसत होता. मात्र लपवण्याची ही सोयच आमच्या घरात गप्प राहण्याचे कारण झाली, असे मला आता वाटते. टिलच्या आईने शवपेटी उघडी ठेवायला लावली, हजारो लोकांना ते विद्रूप झालेले तोंड बघू दिले. आमच्या घरात सगळे झाकून ठेवलेले होते आणि झाकण हलले की वडिलांचा पट्टा निघत असे.

हेमर यांना लहानपणी वाटे, आपण गोरे असतो तर बरे झाले असते. आईने त्यावर मुलीला काळी बाहुली आणून दिली. जिच्या घरात पीठ नसे त्या बाईने ती बाहुली कशी मिळवली असेल याचा मी बराच विचार केला. आमच्याकडे त्या जागी बाबासाहेबांची तसबीर होती. वडील तिच्यासमोर कधी हात उगारत नसत. मारायचे असले की आम्हाला मागच्या खोलीत नेत.

माझ्या मुलीच्या दप्तरात मी रोज पाण्याची बाटली भरून ठेवते, ती कोणाच्या घरी खेळायला निघाली तरी बाटली हातात देते आणि बाहेरचे पाणी सोसत नाही असे कारण सांगते. परवा ती मैत्रिणीकडून रिकाम्या हाताने परतली. बाटली कुठे राहिली असे मी जरा चढ्या आवाजात विचारले, तेव्हा तिने सहज सांगितले की तिकडेच विसरली, आणि तहान लागली तेव्हा मैत्रिणीच्या आईला पाणी मागितले, त्यांनी फ्रिजमधले दिले. बाटली अजून तिकडेच आहे. मी ती आणायला सांगितलेली नाही.