सरळ रस्त्यावर लागलेला ब्रेक लाइट

शर्यतीनंतर स्ट्यूअर्डच्या, म्हणजे नियमभंगांवर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, खोलीत डेटा इंजिनीअरला बोलावणे येते, तेव्हा त्याने दोन गाड्यांचे आलेख एकावर एक ठेवून दाखवावेत आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत, एवढीच अपेक्षा असते. टूरिंग कारच्या एका हंगामातील शेवटच्या शर्यतीनंतर ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर मी तेवढेच केले. मी दाखवलेले आकडे अचूक होते, स्ट्यूअर्डनी लावलेला नियम योग्य होता, आणि ज्याला शिक्षा झाली त्याने ती मान्यही केली. तरीही तो निकाल मला अजून पटत नाही. त्या खोलीत विचारल्या गेलेल्या एका प्रश्नाचे उत्तर माझ्या संगणकात नव्हते, आणि तेच उत्तर निर्णायक ठरले.

आमच्या स्पर्धेत सर्व गाड्या एकाच मॉडेलच्या असतात. रस्त्यावर धावणारीच गाडी, पण आतून पूर्ण रिकामी केलेली, चालकाच्या संरक्षणासाठी पोलादी पिंजरा (रोलकेज) बसवलेली, इंजिनला सील लावलेली. सर्व गाड्यांची देखभाल आयोजकांचेच मेकॅनिक करतात, आणि एका इंजिनीअरकडे अनेक चालक सोपवलेले असतात. बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते की अशा स्पर्धेत डेटा सर्वांना खुला असतो. सर्वांत वेगवान चालकाने कुठे ब्रेक दाबला, किती दाबला, स्टीअरिंग किती अंशांत वळवले, हे रात्रीच्या बैठकीत सर्वांत मागच्या चालकालाही बघता येते. त्यामुळे वर्षानुवर्षे कमावलेली हातोटी एका आलेखाच्या रूपाने दुसऱ्याच्या हाती जाते, आणि अनुभवी चालकाला आपल्याच विद्येशी शर्यत करावी लागते.

माझ्याकडे जे चालक होते, त्यांतले दोघे या प्रकरणात आहेत. एक कोल्हापूरचे, चाळिशीच्या जवळ आलेले, ज्यांना गॅरेजमध्ये सगळे दादा म्हणतात. दुसरा सतरा वर्षांचा मुलगा, ज्याच्या वडिलांनी त्याच्या हंगामाचा सगळा खर्च उचलला होता. दादा कार्टिंगमधून सिंगल सीटरमध्ये, म्हणजे केवळ शर्यतीसाठी बनवलेल्या एका आसनाच्या गाड्यांमध्ये, गेले आणि पैसे संपल्यावर टूरिंग कारकडे आले. आपल्या देशात असा प्रवास पुष्कळांचा आहे. लोक त्यांना व्यावसायिक रेसर म्हणतात आणि शर्यती जिंकून त्यांचे घर चालत असेल असे समजतात. प्रत्यक्षात आपल्याकडे गाडीत बसण्यासाठी बहुतेक चालकांनाच पैसे आणावे लागतात, आणि घर चालते ते कार कंपन्यांच्या ड्राइव्ह कार्यक्रमांत ग्राहकांना शिकवून, टायरच्या चाचण्या करून आणि धनिकांच्या मुलांना प्रशिक्षण देऊन. त्या सतरा वर्षांच्या मुलाचे प्रशिक्षकही दादाच होते. आठवड्यात ते त्याला शिकवत आणि रविवारी त्याच्याशीच शर्यत करत. यात काही विचित्र आहे असे पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या संघांच्या तळावर, कुणालाच वाटत नाही. मला वाटते.

टूरिंग कारमध्ये वय फारसे आड येत नाही, हे मात्र खरे. इटलीच्या गाब्रिएले तारक्विनीने १९९४ मध्ये ब्रिटिश टूरिंग कार विजेतेपद मिळवले, २००९ मध्ये टूरिंग कारचे जागतिक विजेतेपद, आणि २०१८ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी, जागतिक टूरिंग कार चषक. दादा हे उदाहरण नेहमी देत. तारक्विनीच्या मागे मोठमोठ्या कार कंपन्या होत्या, हे ते सांगत नसत. त्या वर्षी दादा गुणांत आघाडीवर होते आणि शेवटच्या शर्यतीत पहिल्या तिनांत आले असते तर विजेतेपद त्यांचे होते. पुढच्या हंगामाचा प्रायोजक मिळवण्यासाठी दाखवता येईल असे तेवढेच त्यांच्याजवळ असणार होते.

आता ब्रेकविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण सगळे त्यावर उभे आहे. बुद्ध सर्किटची लांबी ५.१२५ किलोमीटर असून त्यावर १६ वळणे आहेत. तिसऱ्या वळणातून बाहेर पडल्यावर एक किलोमीटरहून थोडा लांब स्ट्रेट, म्हणजे सरळ पट्टा, आहे आणि त्याच्या टोकाला चौथे, अगदी घट्ट उजवे वळण आहे. आमच्या गाड्या त्या टोकाला ताशी दोनशेच्या आसपास पोहोचतात, आणि तिथे जितके जोरात ब्रेक दाबावे लागतात तितके ट्रॅकवर इतरत्र क्वचितच लागतात. तिसऱ्या वळणातून सुटताना चालक डावीकडच्या कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्टीवर, चाक घालतो, कारण त्यामुळे वेग टिकतो. कर्बचा दणका बसला की चाकासोबत ब्रेकची डिस्क क्षणभर लचकते आणि तिला दाबून धरणाऱ्या पॅडला व त्यामागच्या कॅलिपरच्या पिस्टनला मागे ढकलते. पॅड आणि डिस्क यांच्यात एरवी नसते तेवढी फट पडते. किलोमीटरभर गेल्यावर चालक पूर्ण ताकदीने पेडल दाबतो, तेव्हा पहिला दाब ती फट भरण्यातच जातो, पेडल खोल जाते, आणि दोनशेच्या वेगाने जाणाऱ्या माणसाला वाटते की ब्रेक गेले. याला नॉकबॅक म्हणतात. ज्याने तो एकदा अनुभवला, त्याच्या पायाला तो कायमचा लक्षात राहतो.

यावरचा उपाय जुना आहे. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेला ठेवायचा आणि स्ट्रेटवरच डाव्या पायाने ब्रेकला हलकेच एकदा टेकायचे, म्हणजे पॅड पुन्हा डिस्कपाशी येतात. रस्त्यावरच्या बहुतेक नव्या गाड्यांत दोन्ही पेडल एकत्र दाबली की संगणक इंजिनची ताकद तोडतो, पण शर्यतीच्या गाडीत ती व्यवस्था काढलेली असते, म्हणून हे जमते. आलेखावर हा टॅप तीनचार बारच्या (बार हे दाबाचे एकक) बारीक उंचवट्यासारखा दिसतो. चौथ्या वळणाचा खरा ब्रेक साठ बारच्या वर जातो, त्यामुळे नवख्या माणसाला तो उंचवटा दिसतही नाही. गाडीचा वेग जवळजवळ कमी होत नाही. मात्र मागचा ब्रेक लाइट लागतो.

त्या मुलाला हा टॅप दादांनीच शिकवला होता. हंगामाच्या सुरुवातीला कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर सराव चालला असताना मी तिथे होतो. तो ट्रॅक जेमतेम २.१ किलोमीटरचा आहे, ब्रेकना थंड व्हायला वेळच मिळत नाही, आणि मुलगा एकदा पेडल खोल गेल्याने घाबरून पिटमध्ये परतला होता. दादांनी त्याला समोर बसवून टॅप समजावला, आणि पुढे एक गोष्ट सांगितली. ज्या लॅपला टॅप करावा लागला, त्या लॅपला ब्रेक थोडा आधी दाब. पेडल परत आले आहे याची आधी पायाला खात्री होऊ दे, मगच नेहमीच्या खुणेवर जा.

शेवटच्या शर्यतीत मुलगा दुसरा होता आणि दादा तिसरे. विजेतेपदाला तिसरा क्रमांकही पुरेसा होता. पण मागून दोन गाड्या लागून आलेल्या होत्या, आणि अशा वेळी तिसऱ्या जागी स्वस्थ बसणे हेच सर्वांत धोक्याचे असते. त्या लॅपला दडपणाखाली असलेल्या मुलाने तिसऱ्या वळणावर कर्ब नेहमीपेक्षा जास्त घेतला. दादा त्याच्या मागच्या बंपरला जवळजवळ चिकटून, त्याने कापलेल्या हवेच्या आडोशाने येत होते. स्ट्रेटच्या मध्यावर मुलाचा ब्रेक लाइट एकदा लागला आणि विझला. चौथ्या वळणाआधी त्याने आपल्या नेहमीच्या खुणेच्या सुमारे वीस मीटर अलीकडे ब्रेक दाबला. त्या वेगाला वीस मीटर म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ. दादांची गाडी त्याच्या मागच्या डाव्या कोपऱ्यावर आदळली, मुलाची गाडी गोल फिरून बाहेर गेली आणि तो सर्वांच्या मागे पडला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. दादा दुसरे आले.

गाड्या पार्क फर्मेमध्ये, म्हणजे शर्यतीनंतर त्यांना कुणी हात लावू नये म्हणून ठेवतात त्या बंदिस्त जागेत, असताना परवानगी घेऊन मी दोन्ही लॉगरमधला, म्हणजे डेटा नोंदवणाऱ्या यंत्रांमधला, डेटा उतरवून घेतला. सुनावणीला दोन्ही चालक होते, आणि मुलगा अल्पवयीन असल्याने त्याचे वडीलही. वडील स्वतः उद्योजक आहेत, आणि कुठल्याही खोलीत आपणच बोलायचे असते असे त्यांना वाटते. मुलाने तोंड उघडले की ते त्याचे वाक्य पूर्ण करत. ब्रेकमध्ये काही अडचण होती का, असे स्ट्यूअर्डनी मुलाला विचारले, तेव्हा वडिलांनी परस्पर सांगितले की गाडी उत्तम होती आणि मागच्याने ठोकले. मुलगा खाली बघत राहिला. मग मी आलेख लावला आणि चार बारचा तो उंचवटा दाखवला. आधीच्या एकाही लॅपमध्ये तो नव्हता. वीस मीटरचा फरकही दाखवला. खोलीत थोडी चलबिचल झाली, कारण समोरच्या गाडीने अनपेक्षित ब्रेक लावला असेल तर मागच्याचा दोष कमी होऊ शकतो.

तेव्हा मुख्य स्ट्यूअर्डनी दादांना विचारले, “स्ट्रेटवर ब्रेक लाइट लागलेला तुम्ही पाहिला होता का?”

या प्रश्नाचे उत्तर जगात एकाच माणसाला ठाऊक होते. दादांच्या गाडीतल्या कॅमेऱ्यात समोरच्या काचेवर मावळतीचे ऊन आल्याने तो लाइट नीट दिसत नव्हता. आलेखावर दादांचा ॲक्सिलरेटर अखंड शंभर टक्के होता, म्हणजे त्यांनी काही पाहिल्याची खूण कुठेच नव्हती. नाही म्हटले असते तर त्यांना कुणीही खोटे ठरवू शकले नसते, आणि मला वाटते, शिक्षा बहुधा ताकिदीवर निभावली असती.

दादा म्हणाले, “पाहिला. मला हूल वाटली.”

हूल म्हणजे काय ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होते. काही चालक मागच्याला बिचकवण्यासाठी स्ट्रेटवर मुद्दाम ब्रेकला पाय लावतात. मागचा चालक ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतो, हवेचा आडोसा तुटतो आणि लॅपभराची मेहनत वाया जाते. हे घाणेरडे आहे आणि आमच्या पॅडॉकमध्ये ते सर्रास चालते. ज्यांनी ही सवय लावली त्यांची नावे सर्वांना ठाऊक आहेत, आणि आजवर यासाठी कुणाला शिक्षा झालेली मी पाहिलेली नाही. पुढच्याने बचावासाठी किती वेळा दिशा बदलावी, रेसिंग लाइनवर परतताना किती जागा सोडावी, हे नियमांत लिहिलेले आहे. ब्रेक लाइटच्या हुलीचा तपास करायला मात्र कुणी बसत नाही.

दादांच्या उत्तराने प्रश्न मिटला. पुढच्या गाडीत काहीतरी घडत असल्याचे दिसूनही मागच्याने पाय उचलला नाही, आणि टक्कर टाळण्याची जबाबदारी मागच्याची. तीस सेकंदांची शिक्षा झाली, दादा गुणांबाहेर गेले आणि विजेतेपद तिसऱ्याच एका चालकाकडे गेले. निकाल लागल्यापासून तासाभरात अपिलाचा इरादा कळवावा लागतो. मी गॅरेजमध्ये परतताच कागद पुढे केला. माझ्या मते प्रकरणात दम होता. वीस मीटर हा लहान फरक नाही, आणि मुलाच्या बाजूने ब्रेकची अडचण लपवली गेली होती, हेही मांडता आले असते.

दादांनी कागदाकडे बघितले नाही. “पोरानं टॅप केला तो कर्बनंतरच ना?” त्यांनी विचारले.

“हो दादा. नॉकबॅकच होता.”

“आणि ब्रेक लवकर दाबला.”

“वीस मीटर.”

“मग मी सांगितलं तसंच केलंय की त्यानं. अपील कुणावर करू?”

त्यानंतर मुलगा एकटाच आला. त्याने आलेख बघायला मागितला, आपल्या टॅपच्या उंचवट्यावर बोट ठेवले आणि दादांना विचारले की त्याने केले ते बरोबर होते ना. दादा बरोबर म्हणाले आणि त्याला पेडलविषयी विचारू लागले, टॅपनंतर कितपत परत आले, कडक होते की मऊ. दोघे बराच वेळ त्यावर बोलत बसले.

दादांच्या सचोटीविषयी मला आदर आहे, पण अपील न करण्याविषयीचे त्यांचे मत मला मान्य नाही. आपण शिकवलेले मुलाने नीट केले म्हणून निकाल बरोबर ठरतो, असे होत नाही. मुलाने तिथे जे करायला हवे होते ते केले, आणि हुलींनी बुजबुजलेल्या पॅडॉकमध्ये एखादा अनुभवी चालक जे समजेल तेच दादा समजले. ज्यांनी त्या लाइटचा अर्थ नासवला, ते त्या दिवशी सुनावणीला नव्हते. शिवाय ज्याने खरे सांगितले त्यालाच त्याची किंमत मोजावी लागली, आणि पुढच्या वेळी असा प्रश्न आला तर गॅरेजमधली तरुण मुले काय उत्तर देतील याची मला चिंता वाटते.

मी आयोजकांना लेखी सुचवले आहे की प्रत्येक गाडीत मागे बघणारा कॅमेरा बसवावा आणि कर्बचा दणका न बसता स्ट्रेटवर आलेला प्रत्येक टॅप शर्यतीनंतर तपासावा. दणका डॅम्परच्या सेन्सरवर किंवा ॲक्सलरोमीटरवर स्वच्छ दिसतो, त्यामुळे हूल आणि नॉकबॅक वेगळे करणे अवघड नाही. खर्चाचे कारण देऊन उत्तर लांबवले गेले आहे. दादा त्या मुलाला अजून शिकवतात. आता टॅप स्ट्रेटच्या मध्यावर करायचा नाही, कर्बवरून उतरल्याबरोबर, मागची गाडी अजून वळणातच असताना करायचा, असे ते सांगतात. त्याने वेळेचा किती तोटा होतो, असे त्यांनी मला विचारले होते. मी दोन्ही प्रकारचे लॅप तपासले, आणि मोजता येईल असा फरक मला सापडला नाही.