आमच्या गॅदरिंगच्या बाई

कागदावर गॅदरिंगची तारीख हेडसर ठरवायचे, पण खरं सांगायचं तर ती यायची बाईंच्या घरातून. बाईंचे मिस्टर, ज्यांना आम्ही काका म्हणायचो, ते दहिवडी डेपोला एसटीचे कंडक्टर, आणि मार्गशीर्ष वद्य दशमीला गोंदवल्याला गोंदवलेकर महाराजांची पुण्यतिथी, त्या दिवसांत सगळ्या जादा गाड्या, काकांना रजा मिळायचं नाव नको, आणि काकांशिवाय साताऱ्याहून ड्रेपरीची, म्हणजे नाटकाच्या कपड्यांची ट्रंक एसटीच्या टपावर टाकून आणणार कोण? म्हणून गोंदवल्याची गर्दी ओसरली की मग जानेवारीत आमचं गॅदरिंग. माण तालुक्यातलं रयत शिक्षण संस्थेचं हायस्कूल, ग्राउंडच्या कडेला ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या चिकटून लावल्या की झालं स्टेज. नव्वदनंतरची गोष्ट आहे ही, तेव्हा लाइटचा भरवसा नसायचा, त्यामुळे गॅसबत्त्या आधीच भरून ठेवलेल्या असायच्या, आणि पोरांच्या खिशात हुरडा.

बाई मराठी शिकवायच्या. माहेर कोरेगाव तालुक्यातलं, पक्कं शेतकऱ्याचं घर, घेवडा, हळद, दावणीला म्हशी. 72च्या दुष्काळात त्यांची आई खडी फोडायला जायची आणि या लहानपणी दुष्काळात वाटायच्या त्या सुकडीच्या लायनीत उभ्या राहायच्या, हे त्या सहज बोलता बोलता सांगायच्या, त्यात रडगाणं नसायचं. आवाज असा खडा की ग्राउंडच्या त्या टोकाला लेझीम चुकलेला पोरगा इकडून हाक मारली की जागेवर थांबायचा, माईक वगैरे लागायचाच नाही.

त्यांचं एकच म्हणणं, वर्गातलं एकही पोर रिकामं राहता कामा नये. बाकीचे सर चांगले नाचणारे, चांगले बोलणारे निवडायचे, बाईंची यादी म्हणजे हजेरीपटच. एकदा एक सर वैतागून म्हणाले, अहो बाई, त्या बोबड्या पोराला कशाला घेता? तर बाई म्हणाल्या, "सर, आमच्यात सुगीच्या दिवसांत म्हाताऱ्या माणसालासुद्धा पाखरं राखायला बसवत्यात, मग ह्यो का घरी बसंल?" तो पोरगा दवंडीवाला झाला, हलगी वाजवायची आणि एकच शब्द, ऐका! काय टाळ्या पडल्या त्याला, विचारू नका.

नाटुकलं दर वर्षी कर्मवीर अण्णांवर, म्हणजे रयत काढणाऱ्या भाऊराव पाटलांवर ठरलेलंच. त्यात वहिनींचा, म्हणजे अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा प्रवेश असायचा, बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणाला काही उरलं नाही म्हणून मंगळसूत्र मोडायला देतात तो. आमच्या वर्गातली एक मुलगी ते काम करताना पहिल्या वाक्यालाच हुंदके द्यायला लागली, आम्हाला वाटलं वा, काय ॲक्टिंग! बाईंनी थांबवलं. म्हणाल्या, "रडू नको गं. घरात पीठ नाही म्हटल्यावर बाई रडत बसत नाही, आधी डबे बघती." आणि स्वतः ट्रॉलीवर चढून करून दाखवलं. एक डबा उघडला, आत हात फिरवला, बोटाला लागलेलं पीठ परत डब्यातच झटकलं, दुसरा उघडला, झाकण लावलं, मग सावकाश हात गळ्याकडे. एक शब्द नाही. मी नंतर पुण्यात राहून बरीच नाटकं बघितली, पण तो बोटावरचं पीठ झटकण्याचा प्रकार अजून डोळ्यासमोर आहे.

दुसऱ्या दिवशी शेलापागोटे, म्हणजे एकमेकांची टर उडवणाऱ्या चिठ्ठ्या वाचायच्या. चिठ्ठ्या टाकायचा डबा आदल्या संध्याकाळी बाई घरी न्यायच्या आणि एकेक वाचून काढायच्या. सरांची टर उडवलेली चिठ्ठी राहायची, हेडसरांची तर हमखास राहायची, पण कुणाच्या रंगावर, कुणाच्या बापाच्या दारूवर, कुणाच्या जातीवर लिहिलेली चिठ्ठी चुलीत. हे आम्हाला कळलं फार उशिरा, त्यांच्या मुलीकडून. आम्ही आपले समजायचो की आमच्या शाळेतली पोरंच सज्जन.

काकांचं काय सांगू. गावातले लोक चेष्टा करायचे की बायको नाचवती आणि हा घड्या घालतो. काकांना फरक पडायचा नाही. कार्यक्रम संपला की रात्री कंदील घेऊन ते फेटे, जॅकेटं, दाढीमिशा, भाले यादीशी ताडून बघायचे, अगदी कंडक्टरनं तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल जुळवल्यासारखं, आणि एक मिशी कमी निघाली तर सगळ्यांना थांबवून ठेवायचे. मिशी शेवटी कुणाच्या तरी ओठावरच सापडायची. बाई तोवर पडदा ओढणाऱ्या आणि बत्त्या सांभाळणाऱ्या पोरांना वाढत असायच्या, घेवड्याची आमटी आणि बाजरीची भाकरी, घरून पातेलं आणलेलं. बक्षीस समारंभात या पोरांची नावं नसायची, म्हणून त्यांना एकेक वही आणि पेन, बाईंच्या पगारातून.

हे सगळं आता आठवायला गोड वाटतं, पण मला एक खटकतंही. बाई गेल्या त्यानंतरच्या सभेत सगळे त्याग, माउली, समर्पण असं बोलत होते आणि त्यांची मुलगी उठून म्हणाली, आई तेव्हा पहाटे चारला उठायची, दोन्ही डबे, धुणं, सासूबाईंचं पथ्याचं, मग शाळा, मग सातपर्यंत प्रॅक्टिस, आणि आम्ही दोघं भावंडं स्टेजमागं पोत्यावर झोपून जायचो, तिला मदतीला कुणी दुसऱ्या बाई दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सभा जरा गप्प झाली. बरोबरच बोलली ती. धाकट्याचा तर वेगळाच राग होता, आईनं त्याला कधी मेन रोल दिला नाही, कायम मावळा, तोही मागच्या रांगेतला, का तर लोक म्हणतील बाईंचा मुलगा.

आता आमच्या बॅचच्या ग्रुपवर बाईंच्या नावानं बक्षीस ठेवायचं चाललंय. निम्मे म्हणतात दहावीत मराठीत पहिला येईल त्याला द्या. मी आणि तो दवंडीवाला, जो आता म्हसवडला मंडपाचा धंदा करतो, आम्ही दोघं अडून बसलोय की पडदा ओढणाऱ्याला द्या, बत्तीवाल्याला द्या, मार्कवाल्याला बक्षिसं कमी आहेत का? काकांना फोन केला, ते म्हणाले तुमचं तुम्ही ठरवा, पण ट्रंकेचं कुलूप गंजलंय, आधी ते बदलून घ्या. मंडपवाल्यानं कुलूप स्वतःच्या अंगावर घेतलंय, आणि बक्षिसाचं मतदान रविवारी आहे.