जालन्याहून पाल्पाच्या डोंगरात: तरुण संघाची सेवायात्रा आणि पुढे जाणाऱ्यांसाठी सूचना

जालन्यातील आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाने यंदा दिवाळी आणि नेपाळमधील तिहार हे दोन्ही सण आटोपल्यावर नेपाळच्या पाल्पा जिल्ह्यात सेवायात्रा केली. तानसेन या जिल्ह्याच्या गावापासून काही तासांच्या अंतरावर असलेल्या एका डोंगरी वस्तीतील लहान मंडळीने पावसाचे पाणी साठवण्याच्या टाकीसाठी मदत मागितली होती. दुष्काळ जवळून पाहिलेल्या आमच्या मुलामुलींना हे काम लगेच आपले वाटले. 2013 च्या दुष्काळात घाणेवाडी तलावातील गाळ काढायला गेलेल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी या मुलांनी घरात ऐकल्या आहेत, आणि 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले तेव्हा त्यांच्यातील अनेक जण शाळेत होते. अन्य मंडळ्यांतील तरुण संघांकडून या प्रवासाविषयी विचारणा होत असल्याने सर्व माहिती एकत्र लिहीत आहे.

सर्वात महत्त्वाची बाब कायद्याची आहे आणि ती निघण्यापूर्वी प्रत्येक सदस्याला नीट समजलेली असली पाहिजे. नेपाळच्या 2015 च्या राज्यघटनेतील अनुच्छेद 26 धर्मस्वातंत्र्य देतो, मात्र त्याच अनुच्छेदाने दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई केली आहे. ऑगस्ट 2018 पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेच्या कलम 158 नुसार धर्मांतर घडवणाऱ्यास किंवा त्यास उत्तेजन देणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि दोषी व्यक्ती परदेशी असेल तर शिक्षा भोगल्यानंतर तिला देशाबाहेर पाठवले जाते. आपली टोळी चार दिवसांनी परत येते. आपल्या एखाद्या उत्साही कृतीची चौकशी मात्र मागे राहणाऱ्या पाळकांना आणि विश्वासणाऱ्यांना तोंड देऊन निस्तरावी लागते. आमच्या संघात नाताळच्या काळात पथनाट्य करण्याची जुनी रीत आहे. तिथल्या पाळकांनी फोनवरच विनंती केली की पथनाट्य, पत्रके, चौकातील गायन आणि घरोघरी भेटी यांपैकी काहीही आणू नये. आमच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीने ती विनंती तशीच्या तशी मान्य केली आणि प्रत्येक सदस्याकडून तसे लेखी घेतले. तुम्हीही हेच करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

काही पालकांनी विचारले की सुवार्ता सांगायची नसेल तर याला मिशन तरी का म्हणायचे. त्यांना आम्ही तानसेनच्याच इस्पितळाचा इतिहास सांगितला. राणा घराण्याची सत्ता 1951 मध्ये संपेपर्यंत नेपाळ बाहेरच्यांना जवळजवळ बंद होता. त्यानंतरच्या हिवाळ्यात मसुरीच्या शाळेत शिकवणारे पक्षिअभ्यासक रॉबर्ट फ्लेमिंग पक्ष्यांच्या नोंदी घेण्यासाठी या डोंगरांत आले. सोबत आलेल्या डॉक्टरांनी तानसेनमध्ये तात्पुरता दवाखाना उघडला, त्याला मोठी गर्दी झाली, आणि इथे कायमचे इस्पितळ व्हावे ही मागणी गावकऱ्यांमधूनच पुढे आली. सरकारच्या परवानगीने 1954 मध्ये युनायटेड मिशन टू नेपाळ ही संस्था उभी राहिली आणि तानसेनचे मिशन इस्पितळ सुरू झाले. धर्मप्रचार करायचा नाही, ही अट संस्थेने स्वीकारली होती, आणि त्या अटीखालीच डॉक्टर, परिचारिका व शिक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या काम केले. ज्यांच्या गावी जायचे त्यांनी मागितलेले काम करणे आणि त्यांनी घातलेली मर्यादा पाळणे, हेच आमच्या यात्रेचे सूत्र होते. जालन्याजवळच्या बेथेलमध्ये रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात गाव वसवले, त्या वारशात वाढलेल्या आमच्या मंडळीला हे सूत्र परके वाटले नाही.

आता प्रवासाविषयी. जालन्याहून मनमाड आणि मनमाडहून गोरखपूर असा आमचा रेल्वेचा मार्ग होता. मुंबईहून गोरखपूरला जाणाऱ्या काशी एक्स्प्रेससारख्या गाड्या मनमाडला थांबतात, परंतु सणानंतरच्या दिवसांत त्या उत्तरेकडे परतणाऱ्या कामगारांनी भरलेल्या असतात, म्हणून आरक्षण खुले होताच तिकिटे काढावीत. गोरखपूरहून सोनौलीची सीमा सुमारे शंभर किलोमीटर आहे. सीमा पायी ओलांडता येते. पलीकडे भैरहवा आणि तिथून बसने बुटवल. बुटवलनंतर सिद्धार्थ राजमार्गाचा घाट लागतो. त्यात सिद्धबाबा नावाचा टप्पा दरड कोसळण्यासाठी कुप्रसिद्ध असून बोगद्याचे काम सुरू असल्याने रस्ता ठरावीक वेळी बंद ठेवला जातो. बुटवलच्या बसस्थानकावर चौकशी केल्याशिवाय पुढे निघू नये, आणि परतीच्या रेल्वेआधी एक मोकळा दिवस हाती ठेवावा. आम्ही तो ठेवला होता, म्हणून घाटात तासन्‌तास खोळंबूनही गाडी चुकली नाही.

भारतीय नागरिकांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र जवळ असावे. प्रौढांनी केवळ आधार कार्डावर विसंबून राहू नये. पंधरा ते अठरा वयोगटातील मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात दिलेले ओळखपत्र चालते, परंतु शाळेला सुट्टी लागली की सही आणि शिक्का मिळवणे कठीण होते, तेव्हा हे काम आधी उरकावे. पालकांचे संमतीपत्र दोन प्रतींत घ्यावे. मुलींसोबत मंडळीतील दोन ज्येष्ठ महिला असाव्यात. आमच्याबरोबर आलेल्या दोन काकूंमुळे पालक निश्चिंत राहिले आणि वस्तीतील स्त्रियांशीही बोलणे मोकळेपणाने झाले.

पैशांच्या बाबतीत भारतीय शंभर रुपयांना एकशे साठ नेपाळी रुपये हा दर 1993 पासून स्थिर आहे. आम्ही शंभराच्याच नोटा नेल्या. मोठ्या नोटांचे नियम बदलत असतात, त्यामुळे निघण्यापूर्वी बँकेत खात्री करून घ्यावी. 2024 पासून नेपाळमधील अनेक दुकानांत भारतीय यूपीआयने पैसे देता येतात, पण डोंगरात त्यावर अवलंबून राहता येत नाही. जुने कपडे, औषधे आणि शालेय साहित्य यांची गाठोडी नेण्याचा मोह अवश्य टाळावा. सीमेवर भन्सार कार्यालयात, म्हणजे तिथल्या सीमाशुल्क खात्यात, प्रत्येक वस्तूचा हिशेब द्यावा लागतो, आणि तीच वस्तू बुटवलमध्ये विकत घेतली तर स्थानिक दुकानदाराला चार पैसे मिळतात. सिमेंट, जाळी, पाइप असे सारे साहित्य आम्ही तिथेच घेतले.

तारखा ठरवताना दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. नेपाळमध्ये सर्व व्यवहार विक्रम संवतानुसार चालतात. यजमान ‘मंसिर’ महिन्याची, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतची, तारीख सांगतील, ती इंग्रजी तारखेशी ताडून दोन्ही तारखा कागदावर लिहून पाठवाव्यात. दुसरे म्हणजे तिथे साप्ताहिक सुट्टी शनिवारी असल्याने मंडळ्यांची मुख्य उपासनाही शनिवारी होते. रविवारी पोहोचणारा संघ उपासनेला मुकतो. घड्याळही पंधरा मिनिटे पुढे करावे लागते.

कामाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पाण्याच्या टंचाईत वाढलेल्या वाचकांना त्याचा उपयोग होईल. पाल्पाच्या डोंगरांत पाऊस मराठवाड्यापेक्षा पुष्कळ अधिक पडतो, पण त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि उतारावरून वाहून जातो. वस्ती कड्यावर, झरा खाली. उन्हाळ्यात झऱ्याची धार बारीक होते आणि स्त्रिया गागरी घेऊन रांगेत बसतात. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते, आणि गळती व उडणारे थेंब वजा जाता त्यातील सुमारे ऐंशी टक्के हाती लागते. म्हणजे चाळीस चौरस मीटरच्या छपरावरून दहा मिलिमीटरच्या एका सरीत तीनशे लिटरांहून अधिक पाणी साठते. हा हिशेब आमच्या मुलांनी छतावर फीत धरून स्वतः मांडला, आणि परतल्यावर तोच हिशेब आमच्या चर्चच्या पत्र्यासाठीही मांडला आहे.

टाकी फेरोसिमेंटची, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंटचा थर देऊन केलेली, होती. दगडी पाया, त्यावर काँक्रीटचा तळ, त्याभोवती पाइपचा गोल साचा, आणि साच्यावर तार व बारीक जाळी, जिला आपले गवंडी चिकन मेश म्हणतात. वस्तीतीलच एक मिस्त्री दाइ (नेपाळीत दाइ म्हणजे दादा) या कामाचे प्रमुख होते. त्यांनी पहिल्याच दिवशी वाळू दोनदा चाळायला लावली, आणि सिमेंट-वाळूचा मसाला थापीने नुसता फासू न देता अंगठ्याने जाळीतून दाबून पलीकडे बारीक दाण्यांच्या रूपात उमटेपर्यंत रेटायला शिकवले. जिथे दाणे उमटले नाहीत ती जागा ते बोटाने टिचकी मारून, आवाज ऐकून ओळखत आणि तेवढा भाग खरवडून पुन्हा भरायला सांगत. बी.एस्सी.ला असलेल्या आमच्या एका मुलीला दोन दिवसांत तो आवाज ओळखता येऊ लागला, तेव्हा तपासणीचे काम त्यांनी तिच्यावर सोपवले. वाळू खालच्या रस्त्यावरून डोकोत, म्हणजे पाठीवरच्या बांबूच्या टोपलीत, वर आणली जात होती. डोकोचा पट्टा कपाळावर घेऊन चढण्याची सवय आपल्याला नसते. आमच्या धट्ट्याकट्ट्या मुलांनी अर्ध्या टोपल्या घेतल्या आणि वस्तीतील स्त्रियांनी पूर्ण.

जालन्याच्या सळईच्या कारखान्यांत काम करणारे आणि आयटीआय झालेले तिघे जण आमच्यात होते. पन्हाळ बसवणे, पहिल्या पावसाचे गढूळ पाणी बाजूला काढणारा पाइप जोडणे आणि तोटी घट्ट करणे ही कामे त्यांनी उत्तम केली. संघ निवडताना हातात कसब असलेल्यांना प्राधान्य द्यावे, असे मी ठामपणे सांगेन. गाणारे आणि बोलणारे आपोआप येतात; फिटर, प्लंबर, गवंडी, परिचारिका यांना मुद्दाम विचारावे लागते आणि त्यांची रजा मिळवण्यासाठी मंडळीने पत्र द्यावे लागते. गिलावा झाल्यावर किमान आठवडाभर टाकीवर पाणी मारत राहावे लागते, आणि हे काम आपण निघून गेल्यावर यजमानांवर पडते. म्हणूनच असे बांधकाम पावसाळा संपल्यावर, झऱ्याला पुरेसे पाणी असताना करावे. ऐन उन्हाळ्यात सिमेंट भिजवायला पाणी कुठून आणणार?

शनिवारच्या उपासनेचा अनुभव संघातील प्रत्येकाच्या मनात आहे. चपला बाहेर, सतरंजीवर एका बाजूला स्त्रिया आणि दुसऱ्या बाजूला पुरुष, मादल या ढोलाच्या साथीने भजने, आणि भेटताना ‘जयमसीह’. देवनागरी लिपीमुळे आमची मुले नेपाळी भजने पाहून म्हणू शकत होती. पाळकांनी आम्हालाही भजन म्हणण्यास सांगितले, तेव्हा आम्ही टाळांवर एक मराठी भजन म्हटले आणि शेवटच्या कडव्यापर्यंत मादलवाल्याने ठेका अचूक पकडला होता. 2021 च्या जनगणनेनुसार नेपाळमध्ये ख्रिस्ती लोक पावणेदोन टक्क्यांच्या आसपास आहेत. त्या मंडळीने वस्तीतील सर्व घरांना टाकीचे पाणी खुले ठेवले आहे, आणि तोटीची किल्ली मंडळीबाहेरच्या एका आजींकडे दिली आहे. हा निर्णय त्यांनी आम्ही जाण्याआधीच घेतला होता, हे मला फार मोलाचे वाटते.

जेवण सकाळी दहाच्या सुमारास आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा बहुधा डाळ, भात आणि भाजी. भाकरीवर वाढलेल्यांनी मधल्या भुकेसाठी शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या न्याव्यात. पाणी उकळूनच प्यावे. रात्रीची थंडी आपल्या हिवाळ्याहून बोचरी असते, म्हणून स्वेटर आणि जाड चादर आवश्यक आहे.

एक आग्रह आणखी. सेवायात्रेत बालगृहाला भेट ठेवण्याची पद्धत अनेक संघांत आहे; नेपाळमध्ये ती टाळावी. तिथल्या बालगृहांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे बालहक्कासाठी काम करणाऱ्या संस्थांनी वारंवार दाखवून दिले आहे, आणि परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांमुळे गरीब घरांतून मुले शहरात आणली जातात. वस्तीतील मुलांची छायाचित्रेही आम्ही घेतली नाहीत, आणि उपासनेची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकली नाहीत. वर सांगितलेल्या कायद्यामुळे त्यांचा त्रास यजमानांना होऊ शकतो.

त्या वस्तीत दुसऱ्या टाकीची गरज आहे आणि पाळकांनी पुढील मंसिरची वेळ सुचवली आहे. त्यांना पैशांपेक्षा पन्हाळ व पाइप जोडणारे दोघे आणि स्त्रियांच्या बचत गटाला हिशेबाची वही शिकवणारी एक व्यक्ती हवी आहे. मराठवाड्यातील ज्या तरुण संघाला जायचे असेल त्याने पावसाळ्यापूर्वीच आमच्या पाळकसाहेबांमार्फत त्यांच्याशी बोलून घ्यावे, कारण साहित्य बुटवलहून वर चढवण्यासाठी जीपची सोय त्यांना आधी करावी लागते.