सुऱ्यांचा संच घेऊन सांगलीहून निघताना

दिल्लीतल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात रुजू व्हायचं पत्र आलं, तेव्हा बाकी सगळं पटापट मार्गी लागलं. अडलं ते माझ्या सुऱ्यांपाशी. आमच्या कामात ज्याचा त्याचा संच असतो. माझ्या संचात 8 इंची शेफ नाइफ, हाडावरून मांस सोडवायची बारीक सुरी, ब्रेडची दातेरी सुरी, 10 इंची स्लायसर, सोलायची लहान सुरी आणि धार लावायची सळई. हाताला बसलेली सुरी सोडून दुसरी धरायची म्हणजे पहिले काही महिने कामाचा वेगच जातो. म्हणून "इथंच ठेव, तिकडं नवं घे," असं आई कितीही म्हणाली तरी मला ते पटेना.

आईच्या भीतीलाही कारण होतं. मोटारसायकलवर कोयता घेऊन फिरणारी, त्याच्या रील टाकणारी पोरं पकडल्याच्या बातम्या आमच्याकडे सारख्या येतात. त्याच बातम्यांत "आर्म ॲक्ट 4/25" आणि "37 (1) सह 135" असे आकडे असतात. हे दोन वेगवेगळे कायदे आहेत, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ओळखीच्या एका वकील काकांनी दोन्ही समोर ठेवून समजावले, आणि तिथून पुढं मी स्वतः वाचत गेले.

पहिला 1959 चा शस्त्र कायदा. तो देशभर लागू. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी घडवलेली वस्तू म्हणजे शस्त्र, आणि केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेली वस्तू त्यातून वगळलेली. नियमांच्या परिशिष्टात तलवारी, खंजीर, भाले यांच्या जोडीला सुऱ्याही आहेत. पातं 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद असेल तर. पण तिथंही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाची हत्यारं बाजूला काढली आहेत. मी टेप घेऊन बसले. स्लायसर 9 इंचांच्या पुढं जात होती, शेफ नाइफ मुठीजवळ 2 इंचांच्या काठावर होती. दोन्ही स्वयंपाकाच्या, म्हणून त्या यादीची काळजी मिटली. आबांचा उसाचा कोयताही याच कारणानं शेतात बिनघोर असतो.

खरी मेख दुसऱ्या कायद्यात आहे आणि माझ्या मते आपल्याकडच्या कामकरी माणसानं तोच आधी समजून घ्यायला हवा. 1951 चा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, कलम 37. या कलमानं जिल्हादंडाधिकारी आपल्या जिल्ह्यापुरता आणि पोलीस आयुक्त आपल्या शहरापुरता, ठरावीक दिवसांसाठी मनाई आदेश काढू शकतात. सण, निवडणुका, मोर्चे आले की हे आदेश निघतात. त्यातली यादी बघा: सोटे, तलवारी, भाले, सुरे, लाठ्या आणि शारीरिक इजा करायला वापरता येईल अशी कोणतीही वस्तू. तिथं इंच मोजत नाहीत, वस्तू स्वयंपाकाची की शेतीची हेही आधी विचारत नाहीत. मोडला तर कलम 135 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे कालपर्यंत ज्या सुरीबद्दल कुणी विचारलं नसतं, तीच आज गर्दीत पिशवीत निघाली तर उत्तर द्यावं लागतं.

मी निघणार होते गणपतीच्या आधी. पोलीस ठाण्यात गेले. ठाणे अंमलदारांनी शांतपणे ऐकून घेतलं, हॉटेलचं पत्र वाचलं आणि त्या आठवड्याचा आदेश काढून दाखवला. कामासाठी हत्यार बाळगणं ज्यांना भाग आहे, त्यांच्याबद्दल शेवटच्या परिच्छेदात सूट असते. ती प्रत्येक वेळी वाचून घ्या म्हणाले.

मी विचारलं, "मग लेखी परवानगी मिळंल का?"

"ताई, असल्या सामानाला आम्ही परवाना देत नाही. पत्र जवळ ठेवा, पावत्या ठेवा, सुऱ्या गुंडाळून कुलपात ठेवा. आणि स्टेशनला थेट जावा. मिरवणुकीतनं हिंडत जाऊ नका."

एवढ्या साध्या शब्दांत मला ते आधी कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

मिरजेहून गोवा एक्सप्रेस पकडली. वाटेत सांगली जिल्ह्याचा आदेश संपतो, सातारा जिल्ह्याचा सुरू होतो, नीरा ओलांडली की पुणे जिल्हा, आणि पुणे शहरात आयुक्तांचा. एकाच डब्यात, एकाच सीटवर बसून मी किती हद्दींमधून गेले! प्रत्येक ठिकाणचा आदेश शोधणं प्रवाशाला शक्य नाही. म्हणून पेटी कुलूपबंद, सीटखाली, आणि कागद हाताशी, हेच मला पटलं. जेवणाच्या डब्याबरोबर फळ कापायला सुटी सुरी घेतली नाही; सफरचंद घरूनच चिरून घेतलं होतं.

निजामुद्दीनला उतरल्यावर मेट्रोचा विचार सोडला, कारण तिथल्या तपासणीतून असा संच जाऊ देत नाहीत. टॅक्सी केली. दिल्लीत 1980 ची एक अधिसूचना आहे, काही चाकू परवान्याशिवाय बाळगायला मनाई करणारी: बटण, स्प्रिंग किंवा गरारीनं उघडणारे चाकू, पातं 7.62 सेंटीमीटर लांब आणि 1.72 सेंटीमीटर रुंद किंवा त्याहून मोठं. स्वयंपाकघरातली सरळ पात्याची सुरी त्या वर्णनात बसत नाही. पण आमच्याच एका सहकाऱ्याकडे बाजारातून हौसेनं घेतलेला बटणाचा चाकू होता, तो त्यानं हे वाचल्यावर टाकून दिला. मला बरं वाटलं.

दोन वर्षांनी लंडनला जायचं ठरलं तेव्हा हा सगळा अभ्यास कामाला आला, आणि तरीही नव्यानं करावा लागला. विमानात सुऱ्या केबिनमध्ये चालतच नाहीत. चेक-इनच्या बॅगेत, पाती जाड म्यानात घालून, सामान उचलणाऱ्याच्या हाताला लागणार नाहीत अशा. (देशांतर्गत विमानात शीख प्रवाशांना 6 इंचांपर्यंत पात्याचं कृपाण नेता येतं.) इंग्लंडमध्ये 1988 च्या कायद्याचं 139 वं कलम बघायचं. मिटणारा, पातं न अडकणारा, 3 इंचांपर्यंत धारेचा खिशातला चाकू विनाकारण बाळगला तरी चालतो. उघडल्यावर पातं अडकून बसणारा चाकू या सवलतीत येत नाही. बाकी प्रत्येक सुरीला सार्वजनिक जागी सबळ कारण लागतं, आणि ते कारण बाळगणाऱ्यानंच सिद्ध करायचं. कामावर जाणं हे कारण त्या कायद्यातच लिहिलेलं आहे. शिक्षा चार वर्षांपर्यंत.

3 इंच म्हणजे तेच 7.62 सेंटीमीटर! दिल्लीत बटणाच्या चाकूसाठी जिथं अडचण सुरू होते, तिथंच इंग्लंडमध्ये साध्या मिटणाऱ्या चाकूची मुभा संपते. हे मी नव्या मुलांना आवर्जून सांगते, कारण "तीन इंचापर्यंत चालतं" असं कुणीतरी ऐकलेलं असतं आणि ते सगळीकडे लावतं.

लंडनमध्ये आम्ही शिफ्ट संपली की संच हॉटेलच्याच कपाटात ठेवून निघायचो. कामावरून थेट घरी जाताना सोबत असेल तर कारण सांगता येतं. तोच संच पाठीला लावून मित्रांबरोबर कुठं जेवायला बसलं तर काय सांगणार?

आता माझ्याबरोबर शिकलेला विट्याचा एक मुलगा जपानला निघालाय. तिथं 6 सेंटीमीटरच्या वर पातं असेल तर कामाचं कारण लागतं, आणि त्याहून लहान चाकूही विनाकारण लपवून बाळगला तर दुसऱ्या, किरकोळ गुन्ह्यांच्या कायद्यात बसतो. त्याला मी हॉटेलचं पत्र जपानी भाषेतही मागवायला सांगितलंय. पेटीचं कुलूप त्यानं गणपती पेठेतून घेतलं.